कृषी केंद्राच्या माडीवरची बारशी

जगातल्या यच्चयावत वस्तूंची नावं घाईगडबडीत ठेवली गेली आहेत आणि ती पुन्हा एकदा, नीट बसून, विचार करून ठेवायला हवीत, असं मनापासून मानणारं माणूस जगात एकच असावं, आणि ते आमच्या घरात आहे. ती माझी वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत भावाचं खत-बियाण्यांचं कृषी केंद्र आहे आणि त्या दुकानाच्या माडीवर वहिनी कॉम्प्युटरचा क्लास चालवते. 'क्लास' या शब्दावरही तिचा राग आहे, पण पाटी पुन्हा रंगवून घ्यायला भाऊ अजून तयार झालेला नाही. लग्न होऊन आमच्या घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तिने इन्व्हर्टरचं नाव 'जावई' ठेवलं. का, तर एरवी कोपऱ्यात नुसतं बसून राहायचं, आठवण ठेवून त्याला पाणी विचारायचं, आणि कधीमधी घटकाभर कामाला आला की घरादाराने कौतुक करायचं. आमच्या वडिलांना हे नाव इतकं पटलं की एकदा खरेखुरे जावई ओसरीवर बसलेले असताना त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून 'जावयाचं पानी पाहिलं का वो? कोरडा पडला असन' असा पुकारा केला, आणि आमच्या बहिणीचा नवरा त्या दिवशी न जेवता जातो की काय अशी वेळ आली. भावाच्या जुन्या स्कूटरला ती 'नवरदेव' म्हणते, कारण चार जणांनी मागून ढकलल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. मी गावच्या शाळेत मराठी शिकवतो, तेव्हा मी 'शुद्धलेखन भाऊजी' झालो यात नवल नाही. हे नाव आता शाळेतल्या पोरांपर्यंत पोचलं आहे.

घरातल्या वस्तूंपुरतं हे चाललं असतं तर मी नुसता हसत राहिलो असतो. पण माझी मुलगी पल्लवी बारावीनंतर वहिनीच्या हाताखाली प्रोग्रॅमिंग शिकायला लागली. पल्लवी माझी एकुलती एक. वहिनीचा स्वतःचा मुलगा रायपूरला ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो आणि आईच्या सगळ्या विद्येला 'टिकटिक' म्हणतो, त्यामुळे वहिनीचं सगळं वेड पल्लवीच्याच वाट्याला आलं. कॉलेज तिने अर्जुनीला केलं, पण खरं शिक्षण माडीवरच. तिला पुढे नोकरी लागायची ती याच विद्येच्या जोरावर, आणि ती विद्या तर अशा शब्दांत बांधलेली की केशोरीच्या तलावापलीकडे कोणाला कळू नये. बाहेरच्या मोठ्या माणसांसमोर ही पोरगी उभी राहील आणि मुक्यासारखी गप्प होईल, अशी मला धास्ती होती. मी ती वहिनीला अनेकदा बोलून दाखवली. ती म्हणायची, 'नाव काय, मांगून येते भाऊजी. पोरगी आधी तयार होऊ द्या.'

यामागे तिचं कारण होतं. वहिनी बिरसीची. तिथे विमानतळ आहे, विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे, आणि त्यांच्या धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे खाचरांवरून, शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालत असतात. रोवणीला वाकलेल्या बायकांमध्ये ही पोरगी तेवढी मान वर करून बघत उभी राहायची. एका विमानाचं नाव तिने 'परतू' ठेवलं होतं, कारण ते कुठेच न जाता परत यायचं. पुढे ती गोंदियाला कॉम्प्युटर शिकायला गेली. तिथे शिकवणारे हिंदीत बोलायचे, पुस्तक इंग्रजीत, आणि ही घरी येऊन सगळ्या व्याख्या घोकायची. परीक्षेत वर्गात पहिली आली. घरी आल्यावर वडील म्हणाले, आता आपल्या धानाचा हिशेब त्या यंत्रावर मांडून दे. वहिनी सांगते, ती यंत्रासमोर सकाळभर बसली आणि तिला एक ओळ सुचली नाही. सगळ्या गोष्टींची नावं तोंडात होती आणि एकही गोष्ट हातात नव्हती. वडील उठून बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. ते उठून जाणं तिला अजून टोचतं. त्या दिवशी तिने ठरवलं की आपण कधी कोणाला शिकवलं, तर आधी गोष्ट हातात द्यायची आणि नाव मागून.

म्हणून माडीवर कोणत्याही गोष्टीचं नाव पहिल्या दिवशी सांगत नाहीत. एकच काम पुन्हा पुन्हा करायला यंत्राला कसं सांगायचं, हे वहिनी सोमवारी दाखवते. पण याला काय म्हणतात असं कोणी विचारलं तर म्हणते, 'आताच तं जलमलं. नावाची काऊन घाई करून राहिले?' मग आठवडाभर पोरं त्या बिननावाच्या गोष्टीला 'ते', 'कालचं', 'ते वालं' असं काहीतरी म्हणत वापरतात, चुकतात, पुन्हा वापरतात. शनिवारी बारसं. खिडकीच्या दोन गजांना ओढणी बांधून पाळणा करायचा, प्रोग्रॅमच्या त्या चार ओळी कागदावर लिहून कागद पाळण्यात ठेवायचा, मुलींनी झोका द्यायचा आणि एकेकाने नाव सुचवायचं. हात वर करून मतं घेतात, फुटाणे-मुरमुरे वाटतात. पण मतं पडली म्हणून नाव पक्कं होत नाही. ज्याने सुचवलं त्याने जिना उतरून दुकानात जायचं. दुकानापुढे एक लांब बाकडं आहे, त्यावर युरियाची गाडी यायची वाट पाहत शेतकरी बसलेले असतात. त्यांच्यातल्या कोणालाही गाठून ती गोष्ट काय काम करते ते सांगायचं आणि तिचं नाव सांगायचं. आमच्याकडे होकाराला 'हाव' म्हणतात; तो 'हाव, जमते' म्हणाला तर नाव पास. एक म्हातारेबुवा इतके कडक होते की पोरं त्यांना चुकवून पलीकडच्या टोकाला जायची. 'हे नाव या कामाचं नाही, दुसरं आन' म्हणून त्यांनी कित्येकांना जिना पुन्हा चढायला लावला आहे, आणि त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही.

अशा रीतीने जी नावं पास झाली, ती मी जिन्यातून येता-जाता ऐकत आलो. किंमत साठवून ठेवायची जागा म्हणजे 'गडवा'. आज त्यात पाणी, उद्या ताक, गडवा तोच. पुन्हा पुन्हा करायच्या कामाला 'चुरणा' म्हणतात. खळ्यावर पसरलेल्या धानावरून बैल गोल फिरवतात, दाणा सुटेपर्यंत फिरवायचे आणि सुटला की थांबवायचे, तसं. थांबायचं कधी ते सांगायला विसरलं की यंत्र फिरतच राहतं, त्याला 'धनी झोपला' म्हणतात. एखादं काम वेगळं काढून ज्याच्यावर सोपवायचं तो 'मामा'. त्याला कामासोबत जे सामान द्यायचं ती 'शिदोरी', आणि काम करून तो परत येताना जे घेऊन येतो तो 'वानोळा'. काही मामा काम करतात पण परत काही आणत नाहीत. एका मुलाने फळ्याजवळ उभं राहून 'माझा मामा काही कामाचा नाही, रिकाम्या हाताने येतो' असं खड्या आवाजात सांगितलं, नेमका त्याचा सख्खा मामा खाली फवारणीचा पंप घ्यायला आला होता. तो पंप तसाच ठेवून वर चढला, आणि त्याची समजूत काढता काढता वहिनीला सगळा धडा पुन्हा शिकवावा लागला. मामा शेवटच्या बाकावर बसून पूर्ण तास ऐकून गेला, आणि पुढच्या वेळी आला तो शिंगाड्यांची पिशवी घेऊन.

ओळीने मांडलेल्या खणांची मोजणी यंत्र शून्यापासून का करतं, यावर सगळीकडची पोरं अडतात. वहिनी त्यांना शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं करते. मनातल्या मनात नाही, खरोखर, गावाबाहेर नेऊन. 'तुमच्या पायाजवळच्या बांधीत जायले किती बांध्या ओलांडाव्या लागतात? एकबी नाही. मंग तिचा नंबर शून्य.' आणि खण संपल्यावरही पुढे पाऊल टाकलं तर 'धुरा फुटला'. हे शेवटचं नाव ऐन पावसाळ्यात माडीवरून कोणीतरी ओरडलं आणि खालच्या बाकड्यावरचा एक शेतकरी चहा टाकून थेट आपल्या शेताकडे पळत सुटला. तेव्हापासून पावसाळ्याच्या दिवसांत हे वाक्य हळू आवाजात बोलायचं असा ठराव झाला.

प्रोग्रॅममधल्या चुकांना तर दुकानात ज्यांची औषधं मिळतात त्या धानावरच्या किडींचीच नावं पडली. बघायला गेलं की गायब आणि दुसरीकडे उडी मारून बसणारी चूक ती 'तुडतुडा', आत दडून बसते आणि वरून सगळं हिरवंगार दिसतं तो 'खोडकिडा'. भाऊ अबोल माणूस. दुकानात तो वजन, भाव आणि 'पुढं बोला' यापलीकडे बोलत नाही. एका संध्याकाळी त्याने जिन्यावरून उतरणाऱ्या दोन मुलींचं बोलणं ऐकलं, की आज दिवसभर तुडतुडा गेला नाही. त्याने न विचारता औषधाची बाटली कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली, किती पाण्यात किती टाकायचं तेही सांगितलं. मुलींनी मुकाट्याने बाटली घेतली आणि वर नेऊन वहिनीच्या टेबलावर ठेवली. ती अजून तिथेच आहे, यंत्रांना धाक म्हणून.

बरं, ही नावं तरी कायम राहावीत. तेही नाही. दर बॅचची बारशी वेगळी. एका बॅचचा 'चुरणा' पुढच्या बॅचमध्ये 'आकाशपाळणा' होतो, कारण बारसं नेमकं दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या दिवसांत आलेलं असतं आणि पोरांच्या डोक्यात जत्रा असते. दोन चुलतभाऊ लागोपाठच्या बॅचचे. त्यांनी मिळून राईस मिलसाठी पोत्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम करायला घेतला आणि तिसऱ्या दिवशी बोलणं बंद झालं, कारण एकाचा वानोळा तो दुसऱ्याचा 'निरोप' होता. वहिनीला दोघांच्या मध्ये बसून दुभाष्याचं काम करावं लागलं. मी म्हटलं, वहिनी, हे बघा काय झालं तुमच्या नावांनी. तिला तर आनंदच झाला होता: गोष्ट दोघांच्याही हातात होती, भांडण फक्त नावाचं होतं.

मीही एकदा बारशाला गेलो होतो. पेशा पडला मराठीचा, म्हटलं आपणही हातभार लावावा. त्या दिवशी पाळण्यात जी गोष्ट होती तिला मी रात्रभर कोश चाळून एक नाव काढलं होतं, 'पुनरावर्ती प्रक्रिया'. वहिनी गोंदियाजवळ वाढलेली, त्यामुळे राग आला किंवा हसू आवरेनासं झालं की ती हिंदीत शिरते. 'देखो भाऊजी,' ती म्हणाली, 'ये नाम नहीं है, ये नोटिस है. पाळण्यातलं पोर उठून पळून जाईन.' तरी तिने मत घेतलं. माझ्या नावाला एकच मत पडलं, माझं. पल्लवीनेही हात वर केला नाही. उलट त्या दिवशी जिंकली तीच. झालं होतं असं, की आदल्या हिवाळ्यात ती भावासोबत धान विकायला खरेदी केंद्रावर गेली होती. ट्रॅक्टरांची रांग वळणापलीकडे गेलेली. भावाने पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, आपल्या पुढे किती आहेत. तो म्हणाला, 'विचारून सांगतो', आणि त्याने त्याच्या पुढच्याला विचारलं. त्यानेही तेच म्हटलं. असं होत होत प्रश्न फाटकापर्यंत पोचला. फाटकाजवळचा म्हणाला, माझ्यापुढे कोणीच नाही. मग उत्तर मागे यायला लागलं, प्रत्येकाने त्यात आपल्या पुढचा एक मिळवला, आणि पल्लवीच्या मोठ्या बाबांना, म्हणजे भावाला, आपला नंबर कळला. पाळण्यातली गोष्ट नेमकं हेच करत होती: एकच प्रश्न स्वतःच्याच पुढच्या प्रतीला विचारायचा आणि आलेलं उत्तर घेऊन मागे यायचं. पल्लवीने नाव सुचवलं, 'विचारून सांगतो'. खाली बाकड्यावरच्या कडक म्हातारेबुवांनी तिला अर्ध्यातच थांबवलं आणि म्हणाले, 'हाव, समजलं. फाटकावाला नसन तं कोनी घरी नाही पोचत.' यात सगळा धडा आला होता.

आता माझ्या त्या धास्तीकडे येतो. वहिनी अगदीच बेफिकीर नव्हती. तिचं म्हणणं, घरात हाक मारायचं नाव वेगळं असतं आणि शाळेत घालताना दुसरं नाव लावतात, तसं बॅच संपताना ती या गोष्टींना शाळेत घालायची. त्या दिवसाला 'दाखला' म्हणायचे. फळ्यावर वर्षभरातली नावं लिहिलेली असायची. वहिनी एकेका नावासमोर त्याचं इंग्रजी नाव लिहायची आणि पोरं 'हजर' म्हणायची. पल्लवीच्या बॅचचा दाखला मी स्वतः पाहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. गडवा शाळेत गेला, चुरणा गेला, मामा, शिदोरी, वानोळा, सगळे गेले. पण जी नावं विसरतील असं वाटायचं तेवढीच फळ्यावर लिहिली जात. 'विचारून सांगतो' हे पोरांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते फळ्यावर लिहायची कोणाला गरज पडली नाही. ते तेवढं घरीच राहिलं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पल्लवीची मुलाखत आली ती बाहेरच्या एका कंपनीची. ऑनलाइन होती, म्हणून ती माडीवरूनच द्यायचं ठरलं, गावात नेटवर्क धड तिथेच येतं. खाली भावाने दुकानातला वजनकाटा बंद ठेवला, खणखण नको म्हणून. बाकड्यावरचे शेतकरी देवळात बसल्यासारखे बसले होते. वहिनी जिन्याच्या मधल्या पायरीवर आणि मी तिच्या खालच्या. बराच वेळ वरून पल्लवीचा आवाज ठीक येत होता. मग एका प्रश्नावर ती म्हणाली, 'सॉरी सर, आय डोन्ट नो.' त्यानंतर तिचा आवाज सावरलाच नाही. खाली उतरताना ती वहिनीशेजारी थांबली आणि विचारलं, 'मोठी आई, रिकर्शन म्हंजे काय असते वो?'

वहिनी पायरीवरून उठली. मग म्हणाली, 'तूच तं नाव ठेवलं होतं त्याचं.'

निकाल काय लागणार ते आम्हाला कळलं होतं, आणि तोच लागला. मला राग आला होता, पण तिचा चेहरा पाहून तो कुठे ठेवावा तेच कळेना. तिने माडीवर जाऊन फळा पुसला. दुसऱ्या दिवसापासून ती छापील पुस्तक घेऊन शिकवायला लागली: पहिल्या दिवशी नाव, मग व्याख्या, मग पाठांतर. ओढणी घडी करून कपाटात गेली. शनिवारी जिन्यावरून कोणी उतरेना. बाकड्यावरचे म्हातारेबुवा एकदोनदा माझ्याकडे पाहून म्हणाले, पोरं आजारी आहेत का सारी. वरून आवाजच येत नाही म्हणून भाऊ गिऱ्हाईक सोडून मधेच वर डोकावून यायचा. घरातही तसंच. एका संध्याकाळी वीज गेली तेव्हा वहिनी म्हणाली, 'इन्व्हर्टर लावा', आणि 'जावई' ऐकायची सवय झालेल्या आम्हाला अंधारात ते कळायलाच वेळ लागला. मला तेव्हा जे वाटलं ते सरळ सांगतो: घरातून कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं.

पल्लवी कित्येक दिवस माडीवर फिरकली नाही. मग एका शनिवारी तिने कपाटातून ओढणी काढली, खिडकीच्या गजांना बांधली आणि एक कागद पाळण्यात ठेवला. नवी बॅच बाकांवर बसली होती, त्यांना बारसं म्हणजे काय ते माहीतही नव्हतं. मी दारात उभा होतो. पल्लवीने फळ्यावर ठळक अक्षरांत 'विचारून सांगतो' लिहिलं, त्यापुढे 'रिकर्शन' लिहिलं, आणि पोरांकडे वळून स्वतःच 'हजर' म्हणाली. वहिनी खुर्चीत बसली होती. पल्लवी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, 'मोठी आई, मले त्याचं नाव नव्हतं मालूम, पन ते मले येते. नाव मालूम असून काहीच आलं नसतं तं मी काय केलं असतं, सांग बरं.' वहिनी पदराने डोळे पुसत राहिली. मग तिने विचारलं, 'मुरमुरे आनले का?' ते मात्र कोणी आणले नव्हते. मीच खाली धावलो.

त्या दिवसापासून बारसं पुन्हा सुरू झालं, फक्त एक बदल झाला. आता दाखला वेगळा ठेवत नाहीत. ज्या शनिवारी नाव पडतं, त्याच शनिवारी शाळेतलं नाव शेजारी लिहितात. वहिनीने एवढी एक गोष्ट मान्य केली, आणि ती तिच्यासाठी लहान नव्हती. पल्लवीला पुढच्या मुलाखतीतही एक शब्द अडला. या वेळी तिने गप्प न बसता, तोडक्या इंग्रजीत का होईना, विचारलं की मला कदाचित ही गोष्ट येत असेल, ती काय काम करते तेवढं सांगा. समोरच्या बाईंनी सांगितलं आणि मग बोलणं पुढे गेलं. नोकरी हैदराबादला लागली. मला वाटलं होतं, या दिवशी मला फार आनंद होईल. झालाही. पण गाडी सुटल्यावर वहिनी फलाटावर जी उभी राहिली ती हलेना. घरी येताना मागच्या सीटवर बसून ती सगळ्या रस्त्यात एका वस्तूलाही काही म्हणाली नाही.

वहिनीकडे अजून जुना बटणांचा फोन आहे. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईने असा फोन का वापरावा, तर तिच्या मते मोठा फोन मालकालाच कामाला लावतो. पल्लवी कामावरून खोलीवर पोचली की या फोनवर एक मिस्ड कॉल देते. उचलायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं पोचले म्हणून. ती वेळ नेमकी वहिनीच्या संध्याकाळच्या बॅचची. फोन खिडकीत ठेवलेला असतो. तो दोनदा वाजून थांबला की फळ्याकडे तोंड करून लिहीत असलेली वहिनी मागे न वळता म्हणते, 'हाव', आणि लिहीत राहते. आपण असं म्हणतो हे तिला ठाऊक नव्हतं. फोन वाजायला उशीर झाला की तिचं अक्षर तिरपं जातं, हेही तिला ठाऊक नव्हतं. पोरांना दोन्ही ठाऊक होतं.

मागच्या पावसाळ्यानंतर पल्लवीने फोनवर तिला एक गोष्ट सांगितली. तिथल्या कामात दूरदूरची दोन यंत्रं असतात. त्यांतलं एक दर थोड्या वेळाने दुसऱ्याला खूण पाठवतं. त्यात काम नसतं, निरोप नसतो, 'मी आहे' एवढंच असतं. खूण आली नाही तर दुसऱ्याने समजायचं की काहीतरी बिघडलं. 'याचं इकडं नाव आहे, पन मी नाही सांगत,' पल्लवी म्हणाली, 'आधी तू ठेव.' भात शिजेपर्यंत तीन वस्तूंचं बारसं उरकणारी वहिनी म्हणाली की मला थोडा वेळ दे. तिने ती गोष्ट बॅचला करून दाखवली, दोन कॉम्प्युटर माडीच्या दोन टोकांना ठेवून. पोरांनी ती वापरली. शनिवार आले आणि गेले, पाळण्यातला कागद तसाच. जे नाव सुचे ते तिला पटेना. शेवटी एका शनिवारी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, याले आपन हाव म्हनू.' वहिनीने विचारलं, कायले म्हणून. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मग त्या मुलीने खिडकीतल्या फोनकडे बोट दाखवलं. मतं मोजावी लागली नाहीत. मुलगी खाली गेली तर बाकड्यावर त्या वेळी कोणीच नव्हतं, म्हणून तिने गल्ल्यावर बसलेल्या भावालाच सगळं समजावून सांगितलं. भाव आणि वजन यापलीकडे न बोलणारा माझा भाऊ म्हणाला, 'पास आहे.'

दुसऱ्या दिवशी रविवार. वहिनी अंगणात लाखोरीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, कोवळ्या पानांची भाजी खुडत बसली होती, मी शेजारी पेपर वाचत होतो. पल्लवीचा फोन आला, बोलण्यासाठी केलेला. वहिनीने स्पीकर लावला, नाव पडल्याचं सांगितलं, ते कसं पडलं ते मात्र गाळलं, आणि नियमाप्रमाणे शाळेतलं नाव विचारलं. पल्लवी म्हणाली, 'इकडं हार्टबीट म्हणतात, मोठी आई.'

मी पेपर खाली घेतला. कुठल्याही इंग्रजी नावाला वहिनी काय म्हणते ते मला पाठ आहे: पोर उठून पळून जाईन, ही पाटी आहे, ही नोटीस आहे. यातलं काहीच आलं नाही. पल्लवीला वाटलं लाइन गेली, तिने दोनदा हॅलो म्हटलं. वहिनी तिला म्हणाली, चांगलं आहे, जेवून घे, आणि फोन ठेवला. भाजीची एक काडी उचलून ती खुडायला लागली.

मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, 'ज्यानं हे नाव ठेवलं ना भाऊजी, त्याची बी पोरगी कुठंतरी दूर असन.'